जपानची धम्मसम्राज्ञी सुईको



सम्राट अशोकाचे नाव आज आपल्या घराघरांत आहे. परंतु जपानमध्ये धम्माला राजाश्रय देऊन त्याची घडी बसविणारी एक स्त्री होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. सम्राज्ञी सुईको हे तिचे नाव. इ. स. ५९३ ते ६२८ अशी पस्तीस वर्षे तिने राज्य केले. ज्या घरांत दीक्षेनंतरची पहिली-दुसरी पिढी नांदत आहे, त्यांनी तिचे चरित्र अवश्य समजून घ्यावे.

सुईकोचा जन्म ५५४ सालचा. तिचे वडील सम्राट किनमेई यांच्या काळात कोरियातील बेकजे राज्यातून बुद्धमूर्ती आणि धम्मग्रंथ जपानच्या दरबारी आले. दरबारात दोन तट पडले. सोगा घराणे धम्माच्या बाजूचे, मोनोनोबे घराणे कट्टर विरोधी. सुईकोची आई सोगा घराण्यातली. पुढे सुईको सम्राट बिदात्सूची पट्टराणी झाली.

५८४ साली जपानी लोकांत प्रथम प्रव्रज्या घेतली ती तीन मुलींनी. त्यांतली झेन्शिन अवघी अकरा वर्षांची होती. दुसऱ्याच वर्षी रोगाची साथ पसरली. परका देव आणल्यामुळे आपले देव कोपले, असा गिल्ला मोनोनोबेंनी केला आणि सम्राटाने तो मानला. विहार जाळला गेला, मूर्ती पाण्यात फेकली गेली, भिक्षुणींची चीवरे काढून त्यांना भर बाजारात फटके मारले गेले. गावावर संकट आले की नव्या धर्माकडे बोट दाखवायचे, ही रीत किती जुनी आहे पाहा! सुईको तेव्हा त्याच सम्राटाची राणी होती.

५८७ च्या लढाईत मोनोनोबेंचा पाडाव झाला. पण पुढे काय घडले? ५९२ साली सुईकोचा सख्खा मामा सोगा नो उमाको याने सम्राट सुशुनचा खून करविला. हा उमाको म्हणजे धम्माचा मोठा पुरस्कर्ता! बुद्धमूर्तीपुढे हात जोडले म्हणून माणूस बदलत नाही. शील अंगी बाणावे लागते.

अशा रक्ताळलेल्या दरबारात वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी सुईको गादीवर बसली. तिने आपला भाचा राजपुत्र शोतोकू याच्या हाती कारभार दिला. ५९४ साली बुद्ध, धम्म आणि संघ यांच्या प्रसाराची आज्ञा निघाली. ६०३ साली दरबारात बारा दर्जे ठरले. नुसत्या कुळापेक्षा माणसाच्या कर्तबगारीला मान मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. ६०४ साली सतरा कलमांची राजनीती जाहीर झाली. तिचे दुसरे कलम त्रिरत्नांचा आदर करण्याचे आहे. ६०६ साली शोतोकूने सम्राज्ञीसमोर श्रीमाला सूत्रावर तीन दिवस प्रवचन केले. ही श्रीमाला आपल्या भारतातली, कोसलराजा प्रसेनजित आणि राणी मल्लिका यांची कन्या. मल्लिका माळ्याची मुलगी होती, असे परंपरा सांगते. त्या सूत्रात धम्म समजावून सांगते ती एक स्त्री, आणि जपानमध्ये तो ऐकायला बसली तीही एक स्त्री!

एका ठिकाणी मात्र आपली वाट तिच्याहून वेगळी होते. ६०७ साली तिने जुन्या देवतांची पूजाही चालू ठेवण्याची आज्ञा दिली. तिला दोन्ही सांभाळायचे होते. आपण बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. तेव्हा हा भाग तिच्याकडून घेऊ नका.

घ्यायचे ते पुढेच आहे. ६२४ साली एका भिक्षूने कुऱ्हाडीने आपल्या आजोबाचा खून केला. सम्राज्ञी सगळ्याच भिक्षूंना शिक्षा करणार होती. तेव्हा बेकजेहून आलेल्या कानरोकू या वृद्ध भिक्षूने विनंती केली की, धम्म येथे नवा आहे, नियम अजून अंगवळणी पडलेले नाहीत, म्हणून अपराध्यापुरतीच शिक्षा व्हावी. तिने ते ऐकले. पण तेवढ्यावर न थांबता संघावर देखरेख करणारे अधिकारी नेमले आणि मोजदाद करविली. विहार ४६, भिक्षू ८१६, भिक्षुणी ५६९. प्रत्येकाने प्रव्रज्या कधी व का घेतली, याचीही नोंद झाली. त्याच वर्षी उमाकोने एक सबंध परगणा मागितला. तिने मामाला साफ नकार दिला. राज्याची जमीन नात्यापोटी वाटली, तर पुढची पिढी मूर्ख बाईचे राज्य म्हणून हसेल आणि मामाचेही नाव बद्दू होईल, हे तिचे कारण होते.

६२८ साली तिचा अंत जवळ आला. त्या देशात राजे मेले की प्रचंड मातीचे टेकाड उभारून समाधी बांधीत. परंतु पिके बुडाली होती, लोक उपाशी होते. म्हणून आपल्यासाठी वेगळी समाधी बांधू नये, थाटाचा अंत्यविधी करू नये, आपला मुलगा ताकेदा याच्या समाधीतच आपल्याला ठेवावे, असे तिने सांगून ठेवले.

वाचकहो, इथे थोडे थांबा. जिच्या शब्दाखातर सबंध देश राबला असता, तिने आपल्या मरणाचा खर्च भुकेल्या लोकांवर टाकला नाही. आणि आपल्याकडे? दीक्षा घेतलेल्या घरांतूनही म्हातारे माणूस गेले की लोकलाजेखातर कर्ज काढून जेवणावळी उठतात, आणि जून महिन्यात मुलीच्या फीला पैसे उरत नाहीत. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी हयातीतच सांगून ठेवावे की, माझ्या मागे परित्राणपाठ करा, साधा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करा आणि वाचलेला पैसा नातीच्या शिक्षणाला लावा. हे सांगायला राज्य लागत नाही.

जयभीम!