वचनपितामह हळकट्टी : पोथी, पतपेढी आणि छापखाना



आज आपण बसवण्णांची, अल्लमप्रभूंची वचने छापील पुस्तकातून वाचतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वी ही वचने कोठे होती, याचा कधी विचार केला आहे काय? ती घरोघरच्या देवघरांत आणि मठांत होती. ताडपत्राची पोथी फडक्यात बांधलेली, वर विभूती, बेलपत्र. पूजा होई, पोथी मात्र सहसा सोडली जात नसे. आत वाळवी शिरली तरी कोणाला कळत नसे. तरीसुद्धा एवढे ध्यानात ठेवा की, त्या पोथ्या राखल्या त्या याच भाविक माणसांनी, कोणा सरकारी दप्तराने नव्हे.

धारवाडला २ जुलै १८८० रोजी जन्मलेले फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी मुंबईस शिकले, वकील झाले आणि विजापुरास स्थायिक झाले. बनहट्टीच्या एका घरी वचनांच्या पोथ्या त्यांच्या दृष्टीस पडल्या आणि वकिली मागे पडली. गावोगाव हिंडून ते पोथ्या शोधू लागले. पोथी मागणे म्हणजे देव्हाऱ्यातला देव मागण्यासारखेच! आधी घरच्यांचा विश्वास मिळवायचा, मग पोथी सोडवायची, पाने लावायची, नक्कल करायची. पूर्वी जेमतेम पन्नासेक वचनकारांची नावे ठाऊक होती. त्यांच्या शोधाने ती संख्या अडीचशेच्या घरात गेली.

पण वाचणारा कोण? विजापूर जिल्हा दुष्काळी, शेतकरी सावकाराच्या वहीत अडकलेला, मुले शाळेबाहेर. म्हणून पोथ्यांचे काम चालू असतानाच १९१० साली त्यांनी बी.एल.डी.ई. ही शिक्षणसंस्था उभारण्यात पुढाकार घेतला, १९१२ साली सिद्धेश्वर सहकारी बँक काढली. गावच्याच लोकांनी भाग घ्यायचे, ठेवी ठेवायच्या, आणि त्याच पैशातून गावच्या गरजूला कर्ज द्यायचे. वचनांतला कायक आणि दासोह यांचाच हा व्यवहारी अवतार, असे आम्हास वाटते.

१९२३ साली 'वचनशास्त्रसार'चा पहिला भाग बेळगावात छापून निघाला. वचने त्यांनी षट्स्थलाच्या क्रमाने लावली होती. पुढचे काम दुसऱ्याच्या छापखान्यावर कसे अवलंबून ठेवायचे? राहते घर विकून त्यांनी विजापुरात 'हितचिंतक' छापखाना घातला, आणि १९२६ साली 'शिवानुभव' हे नियतकालिक सुरू केले.

येथे थोडे थांबा. बँकेला भागधारक मिळाले, शाळेला वर्गणीदार मिळाले. त्या दोन्ही संस्था शंभरी ओलांडून आजही उभ्या आहेत. छापखान्याचा भार मात्र एकट्या हळकट्टींच्या खांद्यावर राहिला. ज्या समाजाच्या देवघरातून वचने निघाली, त्या समाजाने ती छापण्यासाठी आणखी हात द्यायला हवा होता, हे बोलल्याशिवाय राहवत नाही. मठांनीही!

मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद राहिलेले, रावबहादूर झालेले हे गृहस्थ उतारवयातही भाड्याच्या घरात राहत आणि सायकलीवरून हिंडत. १९५६ साली कर्नाटक विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. २९ जून १९६४ रोजी विजापुरात ते लिंगैक्य झाले. चौऱ्याऐंशी पुरी व्हायला तीनच दिवस उरले होते. त्यांचा जन्मदिवस, २ जुलै, कर्नाटक सरकार आता वचन साहित्य संरक्षण दिन म्हणून पाळते.