अर्धी हंगेरियन, अर्धी पंजाबी: अमृता शेरगिलला 'आपलं' काय सापडलं?

आई हंगेरियन गायिका, वडील पंजाबमधल्या शीख सरदार घराण्यातले. 1913 मध्ये बुडापेस्टला जन्मलेली अमृता आठ वर्षांची असताना सिमल्याला आली आणि सोळाव्या वर्षी चित्रकला शिकायला पॅरिसला गेली. मग ती नेमकी कुठली?

पॅरिसने तिला नाव दिलं. 'यंग गर्ल्स' या चित्राला 1933 मध्ये सुवर्णपदक मिळालं, तेव्हा ती 20 वर्षांची होती. याच काळात आईला पसंत असलेल्या श्रीमंत घरातल्या तरुणाशी झालेला साखरपुडा मोडला. नंतरही ती प्रेमात पडली, पण मन कुठेच रमेना.

1934 च्या अखेरीस ती भारतात परतली. पुढे अजिंठ्याची चित्रं पाहिली, दक्षिणेत फिरली आणि तिची चित्रं बदलली. 1937 च्या 'ब्रह्मचारी'मध्ये साधी, अबोल माणसं दिसतात. युरोपात घेतलेलं शिक्षण आणि भारतातलं जगणं एकाच कॅनव्हासवर आलं. दोन्हींपैकी एक निवडायची गरजच उरली नाही.

लग्नाचा निर्णयही तिचाच. आईवडिलांनी तिची जुनी पत्रं जाळली, याचं तिला फार वाईट वाटलं होतं. तरी 1938 मध्ये आईचा विरोध पत्करून तिने नात्यातल्याच डॉ. व्हिक्टर एगनशी लग्न केलं.

5 डिसेंबर 1941 ला, प्रदर्शन तोंडावर असताना, लाहोरमध्ये ती गेली. वय अवघं 28. तिची चित्रं आज राष्ट्रीय ठेवा आहेत. ती विकून देशाबाहेर नेता येत नाहीत.