इमहोतेप : वास्तुकार की वैद्य?

इजिप्त म्हटलं की पिरॅमिड आणि ममी डोळ्यांपुढे येतात. पण दगडाचा पहिला पिरॅमिड ज्याने उभारला, त्या माणसाचं नाव आजही टिकून आहे. त्याचं नाव इमहोतेप. या नावाचा अर्थ, शांतीने येणारा.

इ. स. पूर्व २६५० च्या सुमारास जोसेर राजाच्या दरबारात तो होता. राजाची मोहोर सांभाळणारा अधिकारी, हेलिओपोलिसच्या सूर्यमंदिराचा मुख्य पुरोहित आणि शिवाय शिल्पकार! हे सगळे हुद्दे १९२६ साली सक्कारा इथे सापडलेल्या जोसेरच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरलेले आहेत. राजाच्या पुतळ्याखाली त्याच्या सेवकाचं नाव कोरायचं, हा मान तिथे फार दुर्मीळ होता.

त्याआधी राजांच्या कबरी कच्च्या विटांच्या, बसक्या असत. सक्कारा इथे मात्र दगडाचे सहा टप्पे एकावर एक चढवून सुमारे ६० मीटर उंचीचा पिरॅमिड उभा राहिला. साडेचार हजार वर्षं झाली, तो अजून उभा आहे. अर्थात देखभाल त्यालाही चुकली नाही. १९९२ च्या भूकंपानंतर त्याची अवस्था नाजूक झाली. २००६ मध्ये दुरुस्ती सुरू झाली, आणि मधल्या अडथळ्यांनंतर २०२० मध्ये तो पुन्हा लोकांसाठी खुला झाला.

मग हा बांधकामाचा माणूस वैद्य कसा झाला? गंमत म्हणजे, त्याच्या काळातल्या एकाही लेखात तो वैद्य असल्याचा उल्लेख नाही. आधी तो लेखनिकांचा आदर्श झाला. लिहायला बसण्यापूर्वी ते त्याच्या नावाने पाण्याचे थेंब वाहत. पुढे, मृत्यूनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी, लोक त्याला प्ताह देवाचा पुत्र मानू लागले. आजारी माणसं त्याच्या देवळात येऊन नवस बोलत. ग्रीकांनी तर त्याला आपल्या अस्क्लेपियस या वैद्यदेवाच्याच जागी बसवलं.

इजिप्तमध्ये वैद्यकशास्त्र मात्र खरोखरच पुढारलेलं होतं. एडविन स्मिथ या अमेरिकन माणसाने १८६२ मध्ये लक्सरला एक पपायरस विकत घेतला. तो इ. स. पूर्व १६०० च्या आसपासचा. मूळ मजकूर त्याहूनही जुना. त्यात जखमा आणि हाडमोडीची ४८ प्रकरणं डोक्यापासून खाली अशी क्रमाने लिहिली आहेत. आधी रुग्ण तपासायचा, मग निदान सांगायचं, आणि हा बरा करता येईल, याच्याशी झुंज द्यावी लागेल, की हा आपल्या हाताबाहेरचा आहे, हे स्पष्ट ठरवायचं. जखमेला टाके, मध आणि चरबीची पट्टी, मोडलेल्या हाडाला आधार, असे उपचार त्यात आहेत. मंत्रतंत्र त्या प्रकरणांत जवळजवळ नाहीच.

या ग्रंथाचा मूळ कर्ता इमहोतेप असावा, असा तर्क काहींनी केला. त्याला पुरावा नाही. खरं श्रेय जातं ते पिढ्यान् पिढ्या जखमा धुणाऱ्या, बांधणाऱ्या आणि पाहिलेलं नीट लिहून ठेवणाऱ्या निनावी वैद्यांना. इमहोतेपचं मोठेपण त्याने कमी होत नाही. त्याच्यासाठी सक्काराचा दगड पुरेसा आहे. पण त्याचं नाव घेताना त्या निनावी माणसांचीही आठवण ठेवायला हवी.