एडिसनचा न जुळलेला आवाज

आमच्या लॅबमधले मामा यंदा रिटायर झाले. निरोप समारंभाचं शूटिंग माझ्याकडे होतं. कॅमेऱ्यात आवाज नीट येईल याची खात्री नव्हती, म्हणून मामांसमोर टेबलावर मोबाईल ठेवून आवाज वेगळा रेकॉर्ड केला. रात्री हॉस्टेलवर दोन्ही जोडायला बसले. सुरुवात एकदम परफेक्ट! पण शेवटी मामा बोलायचे थांबून डोळे पुसतायत आणि त्यांचा आवाज अजून चालूच. ४० मिनिटांत साधारण अडीच सेकंदांचा फरक. आवाज मागे ओढला तर शेवट जुळला, पण सुरुवात बिघडली. रूमी म्हणाली, सोड ना, कोण एवढं बघतंय. पण मामांनी आधीच पेनड्राइव्ह आणून दिला होता, गावी नातवंडांना दाखवायला. सोडणार कसं?

त्या रात्री शोधता शोधता मला एडिसन भेटला. बल्बवाला एडिसन आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर दर वर्षी त्याची गोष्ट सांगायच्या आणि शेवटी तो जिंकायचाच. ज्या गोष्टीत तो हरला, ती मात्र त्यांनी कधी सांगितली नाही. ती मी सांगते. (माझं मराठी सांभाळून घ्या!)

थॉमस अल्वा एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या मिलान गावी झाला. शाळा जेमतेम काही महिने, बाकी शिक्षण आईने घरीच केलं. बाराव्या वर्षी तो रेल्वेत पेपर विकू लागला. लहानपणीच त्याला कमी ऐकू येऊ लागलं आणि पुढे ते वाढतच गेलं. आणि गंमत बघा, याच माणसाने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला, म्हणजे आवाज साठवून पुन्हा ऐकवणारं जगातलं पहिलं यंत्र!

कानासाठी यंत्र झालं, आता डोळ्यांसाठी हवं, असं त्याने १८८८ मध्ये पेटंट ऑफिसला कळवलं. काम त्याच्या वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत सुरू झालं आणि त्यातला मोठा वाटा त्याचा सहकारी विल्यम डिक्सन याचा होता. १८९४-९५ च्या सुमारास डिक्सनने एका मोठ्या कर्ण्यासमोर व्हायोलिन वाजवलं, शेजारी दोन माणसं नाचली. चित्र फिल्मवर गेलं, आवाज मेणाच्या सिलिंडरवर. दोन वेगळ्या वस्तू, दोन वेगळी यंत्रं. सगळा झोल इथेच होता.

१९१३ मध्ये एडिसनने मोठा डाव मांडला, किनेटोफोन. प्रोजेक्टर थिएटरच्या मागच्या बाजूला, फोनोग्राफ पुढे पडद्यापाशी, आणि दोघांना जोडणारा लांबलचक पट्टा, पुलींवरून नेलेला. मेकॅनिकलवाल्यांनी आत्ताच कपाळाला हात लावला असेल! सुरुवातीला न्यूयॉर्कच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण पट्टा जरा सैल पडला, ऑपरेटर जरा चुकला, की आवाज एकीकडे आणि ओठ दुसरीकडे. फिल्म तुटली तर जोडताना काही फ्रेम जायच्या, सिलिंडर मात्र तेवढाच राहायचा. हळूहळू प्रेक्षक खिदळू लागले. त्याच वर्षी ३ मे रोजी आपल्या मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तो मूकपट होता, त्यामुळे ही भानगडच नव्हती.

डिसेंबर १९१४ मध्ये वेस्ट ऑरेंजच्या कारखान्याला भीषण आग लागली. ६७ वर्षांच्या एडिसनने कारखाना पुन्हा उभा केला, किनेटोफोन मात्र सोडून दिला.

मला वाटतं, फोनोग्राफ हे त्याचं लाडकं बाळ होतं, म्हणून आवाज त्यातून बाहेर काढायचं त्याच्या मनात आलं नसावं. खरा उपाय निघाला तो आवाजच फिल्मच्या कडेला प्रकाशाने छापण्याचा. फिल्म कापली की आवाजही तेवढाच कापला जातो. एकच पट्टी, एकच घड्याळ. अर्देशीर इराणींच्या ‘आलम आरा’चा आवाजही फिल्मवरच घेतला होता. तो १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत झळकला. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला, वयाच्या ८४ व्या वर्षी, एडिसन गेला.

आणि डिक्सनचं ते व्हायोलिन? तुटलेला सिलिंडर दुरुस्त झाला, तेव्हा आवाज निघाला सुमारे दोन मिनिटांचा आणि चित्र फक्त १७ सेकंदांचं! सन २००० मध्ये वॉल्टर मर्च या एडिटरने कॉम्प्युटरवर नेमका तुकडा शोधून दोन्ही जुळवले. तब्बल शंभर वर्षांनी.

हे वाचता वाचता माझी ट्यूब पेटली. माझ्याकडेही दोन यंत्रं, दोन घड्याळं! फरक पहिल्यापासून तेवढाच असेल तर आवाज सरकवायचा. पण फरक वाढत जात असेल तर वेग चुकलाय. माझा कॅमेरा सेकंदाला २९.९७ फ्रेम घेणारा आणि मी सॉफ्टवेअरमध्ये लिहिले होते ३०. म्हणजे हजारात एकाची चूक. ४० मिनिटांचे २४०० सेकंद, म्हणून फरक २.४ सेकंद. आकडा दुरुस्त केला आणि पहाटे चार वाजता मामांचे ओठ आणि आवाज एकत्र थांबले.

पेनड्राइव्ह दिला तेव्हा मामांनी लॅबमध्येच पूर्ण ४० मिनिटं बसून बघितलं. आवाज जुळलाय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझं काम बरोबर झालं, ते तेव्हा कळलं.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स