नथ नक्की किती जुनी? भांडारकरच्या एका क्युरेटरने पोथ्यांच्या ढिगातून तिचा माग काढला होता

लग्नाचा सीझन आला की कर्वेनगरच्या इमिटेशन ज्वेलरीच्या दुकानांत नथींचा वेगळा ट्रे बाहेर निघतो. पेशवाई नथ, ब्राह्मणी नथ, बानू नथ. ज्यांचं नाक टोचलेलं नाही त्यांच्यासाठी चापाची नथ. दोन-तीनशे रुपयांत काम होतं. मग ती नथ घालून फोटो पडतो आणि खाली हमखास लिहिलेलं असतं की ही आपली हजारो वर्षांची परंपरा.

हजारो म्हणजे नक्की किती?

हा प्रश्न साधा वाटतो, पण तो विचारायला या परिसरासारखी जागा नाही. आजचं कर्वेनगर म्हणजे तेव्हाचं हिंगणे. १९०० साली धोंडो केशव कर्वे यांनी आपला विधवांचा आश्रम पुण्याच्या पेठेतून इथल्या माळावर आणला. तिथे राहायला आलेल्या मुलींच्या अंगावर बाकी काही असो नसो, नाकात नथ नव्हती. नवरा गेला की कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या यांच्याबरोबर नथही उतरायची. कितीतरी मुली तेव्हा वयाने विशीच्याही आत होत्या. आणि हे सगळं अनादिकाळापासून असंच चालत आलंय, असं त्यांना सांगितलं जायचं.

या अनादिकाळाला तारीख लावायचं काम ज्याने केलं, तो माणूस कर्व्यांसारखा समाजसुधारक नव्हता. तो हिंगण्यापासून तीन-चार किलोमीटरवर, भांडारकर संस्थेत हस्तलिखितं सांभाळायचा. नाव परशुराम कृष्ण गोडे. संशोधनाच्या जगात सगळे त्यांना पी. के. गोडे म्हणूनच ओळखतात.

गोडे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखचे. जन्म ११ जुलै १८९१. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली १९१७ साली, आणि दोनच वर्षांत, १९१९ मध्ये गोडे तिथे क्युरेटर म्हणून रुजू झाले. ते १९६१ पर्यंत तिथेच होते. ४२ वर्षं, एक संस्था, एक काम.

काम काय होतं? मुंबई सरकारने १८६६ पासून देशभर माणसं पाठवून संस्कृत-प्राकृत हस्तलिखितं जमवली होती. ती आधी डेक्कन कॉलेजात होती, १९१८ मध्ये भांडारकरला आली. संख्या २० हजारांच्या घरात. त्यांची देखभाल करायची, याद्या करायच्या, कुणी अभ्यासक मागेल ती पोथी काढून द्यायची. त्याच इमारतीत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं प्रचंड काम सुरू होतं. मोठमोठे पंडित श्लोकांच्या पाठभेदांवर रात्री जागवत होते. त्या मानाने क्युरेटरचं काम म्हणजे पडद्यामागचं.

पण गोडे पोथ्या नुसत्या मोजत नव्हते, वाचतही होते. आणि वाचताना त्यांना श्लोकांइतक्याच श्लोकांत सापडणाऱ्या वस्तू दिसायच्या. कुणाच्या ताटात काय वाढलंय, कुणाच्या हातात कसली बांगडी आहे, मेंदी कधी लावतात, विडा कसा करतात. संस्कृतचे विद्वान अशा गोष्टींकडे तेव्हा फारसं बघत नसत. गोड्यांनी त्यावरच शेकडो टिपणं काढली. त्यांचे लेख भरतात ४०० हून अधिक. त्यात जिलबी आहे, मेंदी आहे, गुलाबाचं अत्तर आहे, फटाके आहेत, चष्मे आहेत, काचेची भांडी आणि काचेच्या बांगड्या आहेत.

आणि नथ आहे. हा लेख भांडारकर संस्थेच्याच नियतकालिकाच्या १९३८-३९ च्या खंडात आला.

आता त्या वेळचं वातावरण बघा. १९३८ मध्येच इतिहासकार अनंत सदाशिव अळतेकर यांचं हिंदू संस्कृतीतल्या स्त्रीच्या स्थानावरचं पुस्तक आलं. अळतेकरांचं म्हणणं होतं की प्राचीन हिंदू काळात नाकात दागिना नव्हताच, तो मुसलमानांच्या संपर्कातून आला. म्हणजे ज्या दागिन्याशिवाय सौभाग्यवती ओळखू येत नाही, तो दागिनाच उसना! हे ऐकून कुणाकुणाचं नाक मुरडलं असेल याची कल्पना करा.

अळतेकरांच्या बाजूने भक्कम पुरावा होता, आणि तो आजही कुणालाही तपासता येतो. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना भाजे आणि कार्ले इथली लेणी लागतात. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी कोरलेल्या जोडप्यांतल्या बायका बघा. कानात जड दागिने, हातात बांगड्यांची चळत, कमरेला मेखला, पायात वाळे. नाक मात्र मोकळं. पुढे अजिंठ्याला जा, पाचव्या शतकातल्या चित्रांत दागिन्यांची रेलचेल आहे, पण नाक तिथेही मोकळंच.

गोड्यांनी यावर वाद घालत बसण्याऐवजी पोथ्या उघडल्या.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण जुना दागिना विकत घेणाऱ्याला आजही तीच उपयोगी पडते. बहुतेक संस्कृत ग्रंथांवर लिहिल्याची तारीख नसते. पण पोथी उतरवून घेणारा लेखनिक शेवटी पुष्पिका लिहितो. अमुक शके, अमुक तिथी, अमक्या गावी ही प्रत पूर्ण झाली. शके असेल तर त्यात ७८ मिळवायचे, विक्रम संवत असेल तर ५६ किंवा ५७ वजा करायचे, की इसवी सन मिळतो. म्हणजे ग्रंथ निदान त्या सालाच्या आधीचा. ही झाली एक भिंत. दुसरी भिंत शोधायची ती ग्रंथाच्या आत. ग्रंथकाराने कुणाचा आधार घेतलाय? ज्याचा घेतला, त्याच्या नंतरचा तो. मग दोन भिंती जितक्या जवळ आणता येतील तितक्या आणायच्या.

जिलबीचं उदाहरण घ्या. साधारण १४५० च्या सुमारास जिनसूर नावाच्या जैन लेखकाच्या ग्रंथात एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या मेजवानीत जिलबी येते. १६०० च्या आधीच्या 'गुण्यगुणबोधिनी' या ग्रंथात तिची कृती मिळते, आणि १७ व्या शतकात समर्थ रामदासांचे स्नेही रघुनाथ नवहस्त यांच्या 'भोजनकुतूहला'त ती पुन्हा दिसते. तीन टप्पे, तिन्हींना काळ. हा माग गोड्यांनी लावला. तसंच चष्म्याचं. विजयनगरचे माध्व आचार्य व्यासतीर्थ १५२० च्या सुमारास चष्मा लावून पोथी वाचत होते, हे त्यांनी चरित्रग्रंथातल्या एका उल्लेखावरून दाखवून दिलं.

नथीच्या बाबतीत काम जास्त किचकट होतं, कारण इथे शब्दच फसवतो. नथ या शब्दाचं मूळ खूप जुनं आहे. संस्कृतात 'नस्ता' म्हणजे नाकाला पाडलेलं भोक, प्राकृतात 'णत्था' म्हणजे जनावराच्या नाकातली दोरी, आपल्या बोलीत वेसण. तेव्हा जुन्या ग्रंथात शब्द सापडला म्हणून दागिना सापडला असं होत नाही. तो बैलही असू शकतो!

दुसरा सापळा म्हणजे घुसडलेले श्लोक. कृष्णाच्या कपाळावरच्या कस्तुरीतिलकाचा श्लोक महाराष्ट्रात घरोघरी पाठ असतो. त्यात नाकाच्या शेंड्यावरच्या मोत्याचा उल्लेख आहे. पण एखादा श्लोक कुठल्या काळातला आणि तो त्या ग्रंथात पहिल्यापासून होता की नंतर आला, हे ठरवल्याशिवाय त्यावरून तारीख काढता येत नाही.

हे सगळं गाळून, गोड्यांनी नाकातल्या दागिन्याचे निर्विवाद उल्लेख काळाच्या क्रमाने लावले. त्यांचा माग इसवी सन १००० च्या आसपास जाऊन पोहोचला. त्याच्या मागे वाट पुसट होते.

गंमत अशी की हे उत्तर दोन्ही बाजूंना गैरसोयीचं होतं. दिल्लीची सल्तनत सुरू झाली १२०६ मध्ये. म्हणजे ती आल्यावरच नाकातला दागिना आला असं सरळ म्हणता येईना. आणि वेदकाळापासून नथ होती असंही म्हणता येईना. रामायण-महाभारतातल्या नायिकांच्या नाकात नथ घातली ती नंतरच्या चित्रकारांनी. १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि नऊवारी वळणाची साडी नेसलेल्या पौराणिक स्त्रिया स्वस्त चित्रांतून घराघरांत पोहोचल्या. पुढे कॅलेंडरं आली, सिनेमा आला, मालिका आल्या. डोळ्याला सवय झाली की ती गोष्ट कायमचीच वाटायला लागते.

शिवाय नाकातला दागिना आणि आज आपण जिला नथ म्हणतो ती मोत्यांची नथ, यांत फरक आहे. अबुल फजलने १६ व्या शतकाच्या शेवटी 'आईन-ए-अकबरी'त बायकांच्या दागिन्यांची यादी दिली, त्यात नाकाचे प्रकारच चार आहेत. बेसर, फुली, लवंग आणि नथ. मराठी मोत्यांच्या नथीचे उल्लेख पेशवाईच्या कागदपत्रांत येतात. हिंगण्याच्या मुलींच्या नाकातून उतरवलेली नथ ही या नंतरच्या साखळीतली.

गोड्यांनी स्वतः या शोधावरून कुठला सामाजिक निष्कर्ष काढून दिला नाही. तो त्यांचा स्वभावही नव्हता. संदर्भ, पोथीचा क्रमांक, साल, आणि पुढचं टिपण. त्यामुळेच असेल, पण त्यांचं नाव भांडारकरबाहेर फारसं घेतलं जात नाही. वामन शिवराम आपट्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाची १९५७ ते १९५९ मध्ये निघालेली सुधारित आवृत्ती आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते. तिच्या दोन प्रमुख संपादकांत एक गोडे होते, दुसरे चिं. ग. कर्वे.

आता घरातल्या नथीकडे या. आजीच्या डब्यात एक नथ आहे आणि ती पणजीच्याही आधीची आहे असं घरात सांगतात. गोड्यांच्या दोन भिंती इथे लावून बघा. आधी मोती. पूर्वीच्या नथीत बसरा मोती असायचे, इराणच्या आखातातले, आकाराने थोडे वेडेवाकडे, एकाचा रंग दुसऱ्याशी अगदी जुळेलच असं नाही. जपानच्या मिकिमोटोने १८९३ मध्ये शिंपल्यात मोती पिकवून दाखवला, पण गोल कल्चर मोती बाजारात दिसू लागले ते १९२० च्या दशकात. तेव्हा मोती कल्चर निघाले तर ती नथ, निदान त्या रूपात, १९२० च्या आधीची नाही. मोती प्लास्टिकचे असतील तर त्याहून अलीकडे या. नाकात अडकवायला आकड्याऐवजी चाप असेल तर आणखी अलीकडे.

पण थांबा. नथ पुन्हा गाठवलेली असू शकते. तार झिजली, मोती गळला, सराफाने नवा बसवला. जुन्या ग्रंथात नवा श्लोक शिरतो तसंच हे. म्हणून एका मोत्यावरून निकाल द्यायचा नाही. तार, खडे, मागची बाजू, आणि मिळाला तर लग्नातला जुना फोटो किंवा सराफाची पावती. फोटोवर साल असेल तर ती झाली तुमच्या घराची पुष्पिका.

परदेशात जुने नकली दागिने जमवणारे हेच करतात. तिथे ब्रोच उलटा करून शिक्का बघतात. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं लिहिलेलं दिसलं तर वस्तू महायुद्ध संपल्यापासून १९५२ पर्यंतची, कारण तेवढाच काळ जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. आपल्याकडच्या इमिटेशन दागिन्यांवर असा शिक्का बहुधा नसतो, त्यामुळे इथे कागद आणि फोटो यांनाच महत्त्व.

गोडे २८ मे १९६१ रोजी गेले. भारतीय सांस्कृतिक इतिहासावरच्या त्यांच्या लेखसंग्रहाचे दोन खंड १९६० आणि १९६१ मध्ये निघाले, तिसरा त्यांच्या पश्चात १९६९ मध्ये. त्याच १९६९ मध्ये मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचं भारतीय काचेच्या इतिहासावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. दीक्षितांनी हसमुख सांकलियांबरोबर १९४५-४६ मध्ये कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन केलं होतं. काचेच्या बांगड्या जमिनीच्या कुठल्या थरात सापडतात हे त्यांनी पाहिलं, आणि गोड्यांनी त्याच बांगड्या पोथ्यांच्या कुठल्या पानावर सापडतात ते.