नारायणीयकार मेल्पत्तूर भट्टतिरी

आज मोक्षदा एकादशी. केरळातील गुरुवायूरची महाएकादशी बहुतेक वर्षी याच तिथीस येते, आणि त्या क्षेत्राचे नाव निघाले की मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी यांचे स्मरण ओघानेच होते.

नीळा नदीकाठी, तिरुनावायानजीक, इ.स. १५६० च्या सुमारास नंबूद्री कुळात ते जन्मले. ज्योतिर्विद व वैयाकरण अच्युत पिषारटी हे त्यांचे गुरू. गुरूंना वातव्याधीने जखडले तेव्हा शिष्याने गुरुदक्षिणा म्हणून तो रोग आपल्या देहावर मागून घेतला, असे परंपरा सांगते. ही श्रद्धेची कथा आम्ही तशीच सांगतो. कोणी त्या रोगास पक्षाघात म्हणतात, कोणी संधिवात.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर केरळीय वैद्यांची भिस्त. वातव्याधीवर स्नेहन, स्वेदन व बस्ती हा त्यांचा क्रम. कोमट औषधी तेलाची धार धरून अंग चोळणे म्हणजे पिळिच्चिल. बलामुळाचा काढा व दूध यांत शिजविलेल्या नवरा तांदळाच्या पुरचुंड्यांनी शेकणे म्हणजे नवरक्किळी. हे उपचार तेथे आजही चालतात. (मात्र अकस्मात अर्धे अंग लुळे पडल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे, मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.)

व्याधीने गांजलेल्या भट्टतिरींना एळुत्तच्छन यांनी मत्स्यापासून आरंभ करण्याचा निरोप धाडला, अशी आख्यायिका आहे. सोवळ्या ब्राह्मणास मासळी! ऐकणारे चपापले, भट्टतिरींनी मात्र त्यातला मत्स्यावतार ओळखला. गुरुवायूरच्या मंदिरात बसून, रोज एक दशक याप्रमाणे, शंभर दिवसांत त्यांनी अवघे भागवत सहस्रावर श्लोकांत आणले. कित्येक दशकांच्या अखेरीस रोगमुक्तीची याचना आहे. शंभराव्यात केशापासून चरणांपर्यंत साक्षात् भगवंताचे दर्शन आहे, आणि त्याच दिवशी देह मोकळा झाला असे भाविक मानतात. तो दिवस इ.स. १५८६ मधील. आयुष्य, आरोग्य व सौख्य मागणारे अखेरचे शब्द कटपयादी पद्धतीने वाचले की कलियुगाच्या आरंभापासूनची दिनसंख्या निघते : १७१२२१०. आमच्या एकनाथमहाराजांनी काशीस एकादश स्कंधावरील टीका पूर्ण केली, त्यास तेव्हा अवघी तेरा वर्षे झाली होती.

पूंतानम् या भोळ्या भक्ताचे मल्याळम काव्य तपासण्यास भट्टतिरींनी नकार दिला, तेव्हा देवाने पांडित्याहून भक्तीला उचलून धरले, ही कथाही केरळात घरोघरी सांगतात. आम्हांस तीच अधिक भावते.

व्याकरणावरील त्यांचा प्रक्रियासर्वस्व हा ग्रंथ पुढे १६१६ मध्ये सिद्ध झाला. गुरुवायूरच्या मंदिरात त्यांची बसण्याची जागा आजही दाखवितात, आणि वृश्चिक मासाच्या २८ व्या दिवशी तेथे नारायणीयदिन साजरा होतो.