मेडिकलची पदवी घेतली पण प्रॅक्टिस कधीच केली नाही, नैराश्यातून सावरत सवयींचं मानसशास्त्र सांगणारे विल्यम जेम्स

नवीन वर्ष लागलं की आपण संकल्प करतो. पहाटे उठायचं, व्यायाम करायचा, मोबाईल कमी बघायचा. पंधरा दिवसांत संकल्प बारगळतो आणि आपल्यात इच्छाशक्तीच नाही, असं म्हणून आपण मोकळे होतो.

पण इच्छाशक्ती आणि सवय यांचं नातं काय असतं? सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाने याचं उत्तर शोधलं. त्याची सुरुवात त्याच्या स्वतःच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांत झाली होती. विल्यम जेम्स हे त्याचं नाव. आज त्यांना अमेरिकन मानसशास्त्राचे जनक मानलं जातं.

सगळं होतं, दिशा नव्हती

११ जानेवारी १८४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये जेम्स यांचा जन्म झाला. घर श्रीमंत, पण वडील एका जागी स्थिर राहणारे नव्हते. त्यामुळे मुलांचं शिक्षण कधी अमेरिकेत, कधी युरोपात असं तुकड्या-तुकड्यांत झालं. धाकटा भाऊ हेन्री जेम्स पुढे मोठा कादंबरीकार झाला.

विल्यम यांना आधी चित्रकार व्हायचं होतं. ते वर्षभरात सोडलं. १८६१ मध्ये हार्वर्डमध्ये केमिस्ट्री घेतली, मग मेडिकलला गेले. १८६५ मध्ये शास्त्रज्ञ लुई अगासी यांच्यासोबत ब्राझीलच्या मोहिमेवर गेले आणि तिथे देवीच्या आजाराने गाठलं. पुढे डोळ्यांचा त्रास, पाठदुखी आणि निद्रानाश मागे लागले. १८६९ मध्ये डॉक्टरकीची पदवी हातात आली, पण त्यांनी प्रॅक्टिस कधीच केली नाही.

१८७० चा तो निर्णय

वयाच्या २८ व्या वर्षी जेम्स खोल नैराश्यात होते. त्याआधीच त्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. त्यात विज्ञान शिकताना एका प्रश्नाने त्यांना घेरलं. माणूस म्हणजे मेंदू आणि नसांचं यंत्रच असेल आणि सगळं आधीच ठरलेलं असेल, तर धडपड करून उपयोग काय? मार्च १८७० मध्ये त्यांची जवळची आतेबहीण मिनी टेंपल टीबीने गेली.

त्याच काळात त्यांच्या वाचनात फ्रेंच तत्त्वज्ञ शार्ल रनुव्हिए यांचं लिखाण आलं. मनात अनेक विचार येऊ शकत असताना आपण एकच विचार निवडून धरून ठेवू शकतो, हेच माणसाचं स्वातंत्र्य, असं त्यात मांडलं होतं. ३० एप्रिल १८७० रोजी जेम्स यांनी डायरीत नोंद केली. माणसाला निवडीचं स्वातंत्र्य आहे, असं निदान पुढच्या वर्षापर्यंत धरून चालायचं त्यांनी ठरवलं. त्याच नोंदीत शिस्तीच्या छोट्या सवयी लावण्याचाही विचार होता.

यानंतर ते एका रात्रीत बरे झाले, असं काही घडलं नाही. सावरायला काही वर्षं गेली. १८७३ मध्ये ते हार्वर्डमध्ये शिकवू लागले आणि दिवसाला एक घडी बसली. १८७५ मध्ये त्यांनी तिथे मानसशास्त्राचा वर्ग सुरू केला. हा विषय त्यांना स्वतःला कुणी वर्गात शिकवलाच नव्हता.

दोन वर्षांचं पुस्तक, लागली बारा

१८७८ मध्ये त्यांनी लग्न केलं आणि मानसशास्त्रावर पुस्तक लिहायचा करारही केला. दोन वर्षांत देतो म्हणाले, पुस्तक आलं १८९० मध्ये. दोन खंड, जवळपास १,४०० पानं. त्यातलं सवयीवरचं प्रकरण आजही वाचलं जातं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. त्याच वाटेने रोज चाललं की पायवाट पडते, तसंच मेंदूचं होतं. एखादी गोष्ट वारंवार केली की तिला कमी कष्ट आणि कमी लक्ष लागतं. म्हणून रोजच्या जास्तीत जास्त चांगल्या गोष्टी लवकर सवयीच्या हवाली कराव्यात, म्हणजे डोकं महत्त्वाच्या कामांसाठी मोकळं राहतं. त्यासाठी त्यांनी दिलेले सल्ले असे :

१. सुरुवात जोरात करा. शक्य असेल तर चारचौघांत जाहीर करा, म्हणजे मागे फिरणं अवघड होतं.

२. सवय पक्की होईपर्यंत एकही खाडा नको. दोऱ्याचा गुंडा हातातून एकदा पडला की कितीतरी वेढे उलगडतात.

३. ठरवलं की पहिल्या संधीला कृती करा. नाटक बघून रडणारी बाई आणि त्याच वेळी बाहेर थंडीत गारठणारा तिचा गाडीवान, हे उदाहरण ते देत. कृतीविना नुसतं हळवं होणं हीसुद्धा एक सवयच बनते.

४. रोज एखादी नकोशी वाटणारी छोटी गोष्ट मुद्दाम करा. हा घराच्या विम्याच्या हप्त्यासारखा प्रकार आहे, संकट आलं की कामी येतो.

१८९२ पासून त्यांनी शिक्षकांसमोर व्याख्यानं दिली. ती १८९९ मध्ये पुस्तकरूपात आली. मानसशास्त्रातून शिकवण्याची तयार रेसिपी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, हे त्यांनी शिक्षकांना स्पष्ट सांगितलं. शास्त्र दिशा दाखवतं, पण समोरच्या मुलाला ओळखणं शिक्षकालाच जमावं लागतं.

सांगणारा माणूसही झगडत होता

जेम्स यांचं नैराश्य आणि निद्रानाश कायमचे गेले नाहीत. १८८५ मध्ये त्यांचा तान्हा मुलगा डांग्या खोकल्याने दगावला. पुढे हृदयविकारही जडला. तरी त्यांनी शिकवणं आणि लिहिणं चालू ठेवलं. २६ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांच्या काळात नैराश्यावर आजच्यासारखे उपचार नव्हते. आज ते आहेत, त्यामुळे असा त्रास असेल तर नुसत्या सवयींच्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडे जायला हवं.

त्यांच्या एका सल्ल्यात नव्या संशोधनाने दुरुस्तीही सुचवली आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, असं त्यात दिसलं. कुणाला १८ दिवस पुरतील, तर कुणाला २५४ लागतील, एवढा फरक होता. आणि एखाद्या दिवशी खाडा झाला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता.

म्हणजे यंदाचा संकल्प पंधराव्या दिवशी मोडला असेल, तर सोळाव्या दिवशी तो तिथूनच पुढे चालू करता येतो.